एलसॅट (अमेरिकी लॉ कॉलेजांची प्रवेश परीक्षा): १६१ वर आत्ताच अर्ज टाकावा, की जानेवारीत पुन्हा बसावं?

निळीशाई:
अमेरिकेत जेडीला, म्हणजे कायद्याच्या पदवीला, जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला एकच मंत्र ऐकवला जातो: लवकर अर्ज करा. प्रवेश रोलिंग असतात, सप्टेंबरपासून फायली वाचायला घेतात, जागा भरत जातात. मान्य. पण या घाईपायी लोक हातातले पाच-सहा गुण सोडून देतात, ते मला पटत नाही. सरावात १६७ येत असताना परीक्षेत १६१ पडले, तर थांबावं आणि जानेवारीत पुन्हा बसावं. कॉलेजांचा जीव त्यांच्या मीडियनमध्ये (प्रवेश घेतलेल्यांच्या गुणांतला मधला आकडा) अडकलेला असतो आणि त्यासाठी प्रत्येकाचा सर्वांत जास्त गुणच धरला जातो. दुसऱ्यांदा कमी पडले तरी आभाळ कोसळत नाही. १६१ वाला ऑक्टोबरात आला काय नि फेब्रुवारीत आला काय, मीडियन १६६ असेल तर तो खालचाच!

पूर्वपक्ष:
साफ असहमत. जानेवारीचा निकाल साधारण तीन आठवड्यांनी लागतो, म्हणजे फाईल वाचायला फेब्रुवारी उजाडणार. तोवर शिष्यवृत्तीचा बराच पैसा वाटून झालेला असतो. नुसता प्रवेश मिळाला आणि फी अंगावर आली, तर त्या वाढीव गुणांचं करायचं काय? ‘ऑक्टोबरात अर्ज टाकू, जानेवारीत परीक्षाही देऊ’ ही युक्तीही बऱ्याचदा चालत नाही. पुढच्या परीक्षेला नाव नोंदवलंय असं कळलं की बरीच कॉलेजं फाईल बाजूला ठेवतात.

निळीशाई:
मग पुढच्या वर्षी सप्टेंबरात जा. गुण पाच वर्षं चालतात.

पूर्वपक्ष:
वर्ष फुकट घालवा असं सांगणं सोपं असतं हो.

तिसरा बाक:
एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. आपली पदवी भारतातली असेल, तर एलसॅक (एलसॅट घेणारी संस्था) तिचा अमेरिकी जीपीए, म्हणजे पदवीच्या गुणांची सरासरी, काढतच नाही. गुणपत्रिका तपासून ‘सुपीरियर’, ‘अबव्ह अ‍ॅव्हरेज’ असा शेरा देतात. म्हणजे कॉलेजाच्या जीपीए मीडियनमध्ये आपण मोजलेच जात नाही. आकड्यांत आपल्याकडे दाखवायला उरतो तो एलसॅटच. अमेरिकी मुलाला कमी एलसॅट चांगल्या जीपीएने झाकता येतो, आपल्याला ती सोय नाही. त्यामुळे माझं मत निळीशाईंच्या पारड्यात.

उलटतपासणी:
पण ते सरावातले १६७ आले कुठून? ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स हा कोड्यांचा विभाग गेला. आता लॉजिकल रीझनिंगचे दोन आणि वाचनाचा एक, एवढेच विभाग मोजतात. चौथा प्रायोगिक, त्याचे गुण नाहीत. जुन्या पेपरात गेम्समध्ये पैकीच्या पैकी मारून आलेले १६७ आज कामाचे नाहीत. घड्याळ लावून, ३५ मिनिटांत एक विभाग, अशा नव्या स्वरूपातल्या शेवटच्या पाच चाचण्यांची सरासरी काढा. ती १६३ असेल तर जानेवारीची वाट कशाला बघायची? सर्वांत चांगल्या दिवसाचा गुण म्हणजे आपली पातळी, हा भ्रम क्लासवाल्यांनी पोसलेला आहे.

निळीशाई:
सरासरीचा मुद्दा बिनशर्त मान्य. १६३ असेल तर मीही म्हणेन, टाका अर्ज. मी बोलतोय ते सरासरीच १६६-६७ असलेल्यांबद्दल.

पूर्वपक्ष:
असे किती असतात? बहुतेक जण एका पेपरवर उड्या मारतात.

तिसरा बाक:
वाद चालू द्या, पण गुणपत्रिकांचं काम परीक्षेसाठी अडवून ठेवू नका. त्या आपल्या विद्यापीठाकडून थेट एलसॅककडे जाव्या लागतात, आणि परीक्षा विभागाच्या खिडकीवर रोलिंग वगैरे काही नसतं. जूनमध्येच गुणपत्रिकांसाठी अर्ज देऊन ठेवा, मग एलसॅटला कधीही बसा.