ख्रिस्ती धर्मात माफच न होणारं पाप असतं का?

डिचोलीकर:
मी हिंदू. नोकरीमुळे मडगावात भाड्याने राहतो. घरमालकीण आंटी ऐंशीच्या पुढच्या. रविवारी मीसला (चर्चमधल्या प्रार्थनेला) मीच गाडीने सोडतो. पाऊस असला की आत बसून राहतो, तेव्हा लक्षात आलं की कम्युनियनला (पवित्र भाकरीचा प्रसाद घ्यायला) सगळे उठतात, आंटी उठत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "म्हज्या पातकाक भोगसणें ना." (माझ्या पापाला क्षमा नाही.)

झालं असं की धाकटी बहीण आखातात नर्स होती. घर दुरुस्तीची परवानगी म्हणून आंटींनी तिची सही घेतली, तो कागद हक्क सोडल्याचा निघाला. बहीण पुन्हा बोललीच नाही, आता ती वारली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) आंटी म्हणतात, बायबलात एक पाप माफ होत नाही असं लिहिलंय, ते हेच. खरं का?

वसईची, सध्या पर्वरी:
लिहिलंय खरं, पण ते हे नव्हे. मत्तय 12:31 बघा, पवित्र आत्म्याविरुद्धचं दुर्भाषण. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात कारणही दिलंय: येशू भुतं काढत होता आणि शास्त्री (यहुदी धर्मपंडित) म्हणाले, हा भुतांच्या अधिपतीच्या बळावर काढतो. समोरचं चांगलं डोळ्यांनी दिसत असून त्याला सैतानाचं म्हणणं. कॅथलिक शिकवण पुढे सांगते (धर्मशिक्षण ग्रंथ, परिच्छेद 1864) की देवाच्या दयेला सीमा नाही, पण जो जाणूनबुजून पश्चात्ताप नाकारतो तो क्षमाच नाकारतो. म्हणजे पापाच्या आकाराचा प्रश्नच नाही. खून, व्यभिचार, सगळ्याला कुमसार (पाद्रीसमोर पापाची कबुली देऊन क्षमा घेणं) आहे. येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला तीनदा नाकारलं आणि पुढे तोच मंडळीचा प्रमुख झाला.

आंटी इतकी वर्षं झुरतायत म्हणजे पश्चात्ताप भरपूर आहे, बाई फक्त पाद्रीपर्यंत पोचत नाही. आपल्या इगर्जीतल्या (चर्चमधल्या) पाद्रीसमोर लाज वाटत असेल (वाटतेच, गाव केवढा!) तर दुसऱ्या कुठल्याही पाद्रीकडे जाता येतं. कुमसारात ऐकलेलं त्याला कोर्टातही सांगता येत नाही. मुद्दाम फोडलं तर तो स्वतःच बहिष्कृत होतो.

नगरवाला:
आम्ही प्रोटेस्टंट. मध्ये पाद्री कशाला? 1 योहान 1:9 वाचून दाखवा. पापं पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव विश्वासू आहे, क्षमा करतो.

वसईची, सध्या पर्वरी:
दादा, आंटी कॅथलिक आहेत. त्यांना घरात बसून मिळालेली माफी माफी वाटणार नाही. तो वाद आपण वेगळ्या धाग्यावर घालू.

फोंड्याचा भाट:
सगळे बोलले, घराचं कुणीच बोललं नाही. बायबलातल्या जकातदार जक्कयाने काय केलं? ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला (लूक 19). बहीण गेली, तिची मुलं असतील ना? नुसतं रडून वाटा परत जात नाही.

वसईची, सध्या पर्वरी:
हे मीच लिहायला हवं होतं. कॅथलिक शिकवणीतही चोरलेलं शक्य तेवढं परत करायचंच असतं. पाद्रीही बहुतेक हेच सांगेल. चौपट नको, बहिणीचा वाटा पुरे.

डिचोलीकर:
एक भाचा आहे, लंडनला. आंटी मृत्युपत्रात त्याला देऊ शकतात का?

फोंड्याचा भाट:
आंटींना स्वतःची मुलं असतील तर गोव्याच्या कायद्यात मृत्युपत्राने फक्त अर्ध्या मालमत्तेचंच मोकळेपणाने करता येतं, उरलेलं मुलांचं. नवरा असेल तर घरात त्याचाही हिस्सा. नोटरीकडे नेऊन कागद दाखवा.

डिचोलीकर:
मूल नाही, अंकल कधीच गेले. काल हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प. मग विचारतात, आधी पाद्रीकडे जाऊ की वकिलाकडे?

फोंड्याचा भाट:
पाद्रीकडे. वकील फी घेतो.