बांदोड्याचं घर: भाव किती सांगायचा?

मस्कतहून

नमस्कार मंडळी,

गोव्यात फोंड्याजवळच्या बांदोड्याचं आमचं सासरचं घर विकायचं चाललंय. कौलारू, पुढे बलकांव (बसायची ओसरी), मागे विहीर, जागा सगळी मिळून ९०० चौरस मीटर. दिरांनी आत इटालियन मार्बल घातलंय, मॉड्युलर किचनही केलंय. एजंट म्हणतो, किनाऱ्याकडच्या आसगावात अशी घरं कुठल्या कुठे गेली, तीन कोटींच्या खाली उतरू नका. इकडे शेजारचं जवळपास तसंच घर निम्म्याहून कमीत गेल्याचं ऐकते. कुणाचं धरायचं?

फोंड्याहून

वहिनी, आसगाव डोक्यातून काढा. तिथे घेणारा दिल्ली-मुंबईचा, दुसरं घर घेणारा, बऱ्याचदा कर्जाशिवाय. बांदोड्यात घेणारा कुंडईच्या कारखान्यात नाहीतर फोंड्यातल्या शाळेत नोकरीला, आणि त्याच्या मागे बँक. बँकेचा व्हॅल्युअर तुमचं मार्बल बघून हरखत नाही. आजूबाजूची खरेदीखतं काय भावाने झाली ते बघतो आणि त्यावर कर्ज बसवतो. तुम्ही तीन सांगितले नि त्याने दीड धरले, तर मधले दीड गिऱ्हाइकाने पदरचे घालायचे. कुठून घालणार? वाड्यावरचं, म्हणजे आपल्या वस्तीतलं, सगळ्यांत महागडं घर मिरवायला बरं, विकायला नव्हे.

जाहिरातीतला आकडा ही मागणाऱ्याची हौस. झालेले व्यवहार बघा. नोंदणी कायद्याप्रमाणे या दस्तांची सूची फी भरून कुणालाही पाहता येते, नकलाही मिळतात. दिरांना सब-रजिस्ट्रारकडे पाठवा, वाड्यावरची अलीकडची चार-पाच खतं काढू द्या. किंमत शेवटी वाचायची, आधी शेड्युल, म्हणजे मालमत्तेचं वर्णन. शेजारचं घर निम्म्यात का गेलं ते बहुतेक तिथेच कळेल. खत भावाभावांतलं असेल, तर तो बाजारभावच नव्हे. मुंडकारी हक्काने (दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याने कायद्याच्या आधाराने) घेतलेलं घर असेल, तर खाली जमीन थोडीच असते. कधी नुसता हिस्सा विकलेला असतो, कधी वाट दुसऱ्याच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून. शिवाय खतात लिहिलेलीच रक्कम दिली-घेतली असेल याची हमी कोण देणार, म्हणून एकाच खतावर विसंबू नका.

आता तुमचे ९०० मीटर. जमीन कुठल्या वापराची ते सांगणारं झोनिंग सर्टिफिकेट काढलंय का? पुढचा भाग सेटलमेंट (वस्तीचा) आणि मागचं भाट ऑर्चर्डमध्ये (बागायतीत), असं गावातल्या घरांचं पुष्कळदा निघतं. समजा ४०० आणि ५०० निघाले. मग सगळी किंमत ९००ने भागून शेजाऱ्याशी ताडायची म्हणजे नारळ आणि करवंट्या एकाच भावाने मोजायच्या. सेटलमेंटच्या मीटरचा भाव वेगळा काढा, भाटाचा वेगळा, मग घराचा. मार्बलचे पैसे पूर्ण वसूल होणार नाहीत. विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का, गाडी दारापर्यंत येते का, हे मात्र भावात दिसेल.

दुबईहून

काका, एका बाबतीत पटत नाही. अंत्रुज महालात, म्हणजे आपल्या फोंड्याच्या भागात, मुंबई-पुण्याहून कुळदैवताजवळ घर शोधणारेही येतात, आणि नागेशीचं देऊळ तर बांदोड्यातच. त्यांना कौलं नि विहीर हवी असते, बँक मध्ये येतेच असं नाही. वर आता मोपाचं विमानतळही झालं.

फोंड्याहून

येतात, मान्य. पण त्या माणसाचा परिसर वेगळा. कुंडईवाला मुलांची शाळा आणि बसचा रस्ता धरून दोन-तीन किलोमीटर बघेल. कुळदैवतवाला बांदोडं, कवळे, म्हार्दोळ, मंगेशी सगळं एका दिवसात फिरून येईल. म्हणून याद्या दोन करा, एक वाड्यावरच्या खतांची, एक देवळांभोवतालच्या कौलारू घरांची. आकडा त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी ठेवा आणि दुसऱ्या तऱ्हेच्या गिऱ्हाइकाची थोडी वाट बघा. मोपा पेडण्यात, त्याच्या नावाने बांदोड्यात भाव वाढवून कुणी देणार नाही.

कराचं थोडक्यात. तुम्ही अनिवासी, म्हणून गिऱ्हाईक एक टक्का नव्हे, त्याहून बराच जास्त कर कापून ठेवेल, तोही सहसा पूर्ण रकमेवर. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला खताआधीच घ्या. जुलै २०२४ पासून नफ्यावरचा दर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवून धरणं) नाही. जुन्या घरासाठी २० टक्क्यांची जुनी वाट निवासी दिरांना आहे, तुम्हाला नाही. घर २००१च्या आधीचं असल्याने १ एप्रिल २००१ची किंमत मूळ म्हणून धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा अहवाल करून ठेवा. आणि गोव्याचा कायदा माहीत आहेच: लग्नाआधी वेगळा करार नसेल तर प्रत्येक वारसासोबत त्याच्या जोडीदाराचीही सही.

मस्कतहून

काका, एजंटला जाहिरात उतरवायला सांगितली. दीर सोमवारी सूची बघायला जातायत, झोनिंगचा अर्जही देतील. सह्यांचं मात्र अवघड आहे. चवथीचा गणपती पुढे कुणाकडे पुजायचा हे ठरेपर्यंत मोठ्या जाऊबाई कागदाला हात लावणार नाहीत, आणि त्यांची सही तर लागणारच.