मदत हवी आहे: एक आण्याच्या तिकिटावर गलबताचा शिक्का

मंडळी, वेंगुर्ल्याच्या एका जुन्या वखारीतल्या सुपारी-काथ्याच्या पावत्या हाती लागल्यात. त्यांवर पाचव्या जॉर्जची एक आण्याची रेव्हेन्यू तिकिटं आहेत. १८९९ च्या स्टॅम्प कायद्यानुसार तिकीट पुन्हा वापरता येऊ नये असं रद्द केलं की झालं, म्हणून बहुतेकांवर नुसती आडवी सही नि तारीख. पण दोन-तीन तिकिटांवर जांभळ्या शाईत शिडाचं गलबत उमटलंय, अर्धं तिकिटावर, अर्धं पावतीवर! व्यापाऱ्याचा खासगी शिक्का, की बंदरावरचा? असा कुणाकडे असेल तर फोटो टाका. (तिकीट भिजवून सोडवा असं कृपया सुचवू नका, शिक्का तुटेल आणि ही शाई पाण्याने पसरते.) आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात अख्ख्या पावत्या कशा ठेवता, तेही सांगा.