लॉम्बॉक, मॅपस्ट्रक्ट की सरळ जेहिप्स्टर?

निख्या_जावावाला: मंडळी, आमच्याकडे इन्शुरन्सचा जुना प्रोजेक्ट स्प्रिंग बूटवर (जावाचं फ्रेमवर्क) आणायचं चाललंय, टेबलं ढीगभर, आणि प्रत्येकाला एंटिटी (टेबलाचा जावा क्लास), डीटीओ (डेटा इकडून तिकडे नेणारा साधा क्लास), मॅपर (एकातलं दुसऱ्यात भरणारा), रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारी), कंट्रोलर (बाहेरच्या रिक्वेस्ट घेणारा)... तेच तेच टाइप करून वैताग आलाय. लीड म्हणतो जेहिप्स्टर या कोड जनरेट करणाऱ्या टूलने एका दमात काढू. मला धास्ती ही की पुढे तो कोड निस्तरणार कोण, आम्हीच ना?

बग_बहाद्दर: जेहिप्स्टर भारीय, जेडीएल फाइलीत (त्याची स्वतःची भाषा) एंटिटी लिहिली की रिअ‍ॅक्टच्या स्क्रीन, लिक्विबेसचे चेंजलॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या फाइली) सगळं हजर. पण खरी मजा नंतर. सर्व्हिस क्लासात तुम्ही प्रीमियमचे नियम कोंबलेले असतात, एक कॉलम वाढतो, परत जनरेट करायला जाता तर ते विचारतं ओव्हरराइट करू का. हो म्हणालात तर तुमचे नियम गेले, नाही म्हणालात तर कॉलम हाताने घाला. नवीन प्रोजेक्टचा सांगाडा म्हणून ठीक, तुमच्या केसमध्ये नको.

जुनाजाणता: +१. ईजेबी २ (जावाची जुनी सर्व्हर-कंपोनेंट पद्धत) च्या काळात एका बीनला होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, वर डिस्क्रिप्टरचं एक्सएमएल, तेव्हा हे जनरेट करायला आम्ही एक्सडॉकलेट लावायचो. 2006 ला ईजेबी ३ आलं आणि त्यातलं बरंचसं लिहायचंच उरलं नाही. तेव्हाचं पथ्य आजही तेच, जनरेट झालेला कोड दर बिल्डला नव्याने निघाला पाहिजे, गिटमध्ये जाता कामा नये. मॅपर काढून देणारं मॅपस्ट्रक्ट तसंच चालतं. फक्त अनमॅप्ड-टार्गेट-पॉलिसी एररवर ठेवा, नाहीतर डीटीओत फील्ड वाढली तरी नुसती वॉर्निंग येते आणि ती कोण वाचतंय! कंट्रोलरसाठी ओपनएपीआय जनरेटर (एपीआयच्या वर्णनावरून कोड काढणारा), त्यातून फक्त इंटरफेस काढायचे, आतलं आपण लिहायचं.

निख्या_जावावाला: आणि गेटर-सेटर आपोआप घालणारं लॉम्बॉक? टीममध्ये दोन तट पडलेत.

सेमीकोलन_ताई: वापर रे, पण एंटिटीवर @डेटा लावू नकोस, त्यात टू-स्ट्रिंगही आपोआप येतं. पॉलिसीचं टू-स्ट्रिंग क्लेमला हाक मारतं, क्लेमचं परत पॉलिसीला, की झालाच स्टॅक ओव्हरफ्लो. @गेटर, @सेटर बास. डीटीओला रेकॉर्ड (नुसता डेटा धरणारा क्लास) घे, जावा 16 पासून आहेतच. एंटिटीला मात्र चालत नाहीत, एंटिटी टेबलाशी जोडणाऱ्या जेपीएला रिकामा कन्स्ट्रक्टर लागतो.

निख्या_जावावाला: लॉम्बॉक आणि मॅपस्ट्रक्ट दोन्ही एकत्र लावून बघितलं, मॅपर रिकामाच निघतोय, सगळं नल 😭

सेमीकोलन_ताई: पॉममध्ये (मेव्हनची बिल्ड फाइल) लॉम्बॉक-मॅपस्ट्रक्ट-बाइंडिंग टाकलंस का? लॉम्बॉक 1.18.16 पासून लागतं, नाहीतर मॅपस्ट्रक्टला गेटर-सेटर दिसतच नाहीत. आणि लॉम्बॉक, मॅपस्ट्रक्टचा प्रोसेसर, बाइंडिंग तिन्ही अ‍ॅनोटेशन-प्रोसेसर-पाथमध्ये लिही, जेडीके 23 पासून नुसतं क्लासपाथवर असून प्रोसेसर (कंपाइलच्या वेळी कोड काढणारा भाग) आपोआप चालत नाही.