उत्तर: हँग-ऑन फिल्टर आणि नायट्रेट

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत नायट्रेट (माशांच्या घाणीतून साचणारा क्षार) वाढतंय म्हणून काठावर टांगलेला हँग-ऑन फिल्टरच काढून टाका, हा सल्ला घाईचा वाटतो. दोष फिल्टरचा नाही, आत महिनाभर कुजत पडलेल्या कार्ट्रिजचा, म्हणजे गाळणीच्या तयार पुडीचा आहे. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला सच्छिद्र समुद्री खडक) पुरेसा असेल तर घाण पचवणाऱ्या जिवाणूंचं काम तोच करतो, त्यासाठी फिल्टरमध्ये सिरॅमिक रिंगा लागत नाहीत. कार्ट्रिज काढा, फक्त फिल्टर फ्लॉस (कापसासारखी गाळणी) ठेवा आणि दर ३-४ दिवसांनी फेकून नवा घाला. धुऊन परत वापरण्याइतका तो महाग नसतो.

खाऱ्या पाण्यात खरा त्रास वेगळाच. बाष्पीभवनाने पातळी उतरली की धार उंचावरून पडते, शिंतोडे उडतात आणि काठावर मिठाची पांढरी खपली चढते. ती वायरवरून प्लगपर्यंत पोचू शकते, म्हणून वायरीला सॉकेटच्या खाली झोल द्याच. भर आरओच्या गोड्या पाण्याची घाला. खारं घातलंत तर १.०२५ ची सापेक्ष घनता (खारटपणाचं माप) चढत जाते. इम्पेलर (मोटरचा पाणी ढकलणारा पंखा) घरघरला तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवा, चुन्याचा थर सुटतो. आणि वीज जाऊन आल्यावर मोटर आपोआप पाणी ओढते का, हे एकदा प्लग काढून बघा. काही मॉडेलं कोरडीच फिरत राहतात.