जुन्या जीपचा एसी: गॅस भरण्याआधी काय बघायचं

बी-२०३: नमस्कार मंडळी. जुनी डिझेल फोर बाय फोर आहे, २००८ चं मॉडेल. हायवेला एसी बरा गार असतो. साताऱ्यात पोवई नाक्याला गर्दीत अडकली किंवा लो गिअरमध्ये चढ घेतला की गरम हवा येते. मार्चमध्ये गॅस भरलाय, तरी गारवा कमीच होत चाललाय. पुन्हा भरू का?

ए-१०१: भरू नका दादा. एसीचा गॅस चालवून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेलाय. मला यात दोन वेगळे दोष दिसतात. पळताना गार आणि उभी राहिल्यावर गरम, म्हणजे कंडेन्सरला (रेडिएटरपुढचा, गॅस थंड करणारा भाग) वारा पुरत नाही. आणि हळूहळू कमी होतंय म्हणजे लीक. नुसता गॅस भरला तर दोन्ही तसेच राहतील.

बी-२०३: कंडेन्सरचं कसं कळणार काका?

ए-१०१: गाडी उभी, इंजिन चालू, एसी फुल. समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याची हलकी धार सोडा. दोन-तीन मिनिटांत आत गार हवा आली तर दोष वाऱ्याचाच. घाटात चिखलात जाणाऱ्या गाड्यांत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तांबडी माती घट्ट बसते. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. रेडिएटरचे वरचे बोल्ट सैल करून तो थोडा मागे घ्या आणि इंजिनच्या बाजूने बाहेर असं पाणी मारा. सर्व्हिसिंग सेंटरची जोराची गन नको, फिन (पातळ पत्र्या) आडव्या पडतात.

सी-४०४: काकांचं बरोबर आहे. शिवाय कडेचे रबर-फोम आणि फॅनचं आवरण जागेवर आहे का बघा. नसेल तर इंजिनची गरम हवाच फिरून पुन्हा कंडेन्सरसमोर येते. पुढे विंच किंवा मोठे जादा दिवे असतील तर तेही वारा अडवतात.

बी-२०३: दिवे आहेत ताई, चार. इलेक्ट्रिक फॅन फिरतो, पण हळू वाटतो.

सी-४०४: मग मीटर लावा. इंजिन चालू असताना फॅनच्या कनेक्टरवर १३ व्होल्टच्या आसपास हवेत. ११ मिळाले तर अर्थिंग गंजलंय किंवा रिलेचे पॉइंट जळालेत. व्होल्टेज बरोबर असून हळू फिरत असेल तर मोटरचे ब्रश संपले. इंजिनवरच्या पंख्याचा व्हिस्कस कपलिंगही (गरम झाल्यावर पंख्याला पकडणारा जोड) तपासा: इंजिन बंद करून, गरम असताना हाताने फिरवा. सहज गरगर फिरला तर तो गेला.

ए-३०५: माझ्या माहितीत गरम झाल्यावर कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणारा पंप) क्लचही सुटतो ना?

सी-४०४: हो, जुन्या कॉम्प्रेसरला हे फार होतं. प्लेट झिजून गॅप वाढते आणि तापलेली कॉइल तिला ओढू शकत नाही. फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा, साधारण ०.३ ते ०.६ मिमी हवी. जास्त असेल तर आतला एक शिम (पातळ वॉशर) काढला की काम होतं. यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदलायला लावणाऱ्यांचं ऐकू नका.

ए-१०१: आता गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारे दोन काटे: एक लो (कमी दाबाच्या) बाजूचा, एक हाय (जास्त दाबाच्या) बाजूचा. आर-१३४ए गॅस, बाहेर ३०-३५ अंश, १५०० आरपीएम, ब्लोअर फुल: लो बाजूला २५-४५ आणि हायला २००-२५० पीएसआय धरा. दोन्ही कमी तर गॅस कमी. दोन्ही जास्त तर वारा नाही, गॅस जादा, किंवा आत हवा शिरलीय. लो जास्त आणि हाय कमी तर कॉम्प्रेसर थकला. लो अगदी खाली, शून्याकडे, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारा) किंवा ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) चोक.

बी-२०३: आणि लीक?

ए-१०१: गॅस जिथून जातो तिथे तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ चिकटते. काळपट ओलसर डाग शोधा: कंडेन्सरचे खालचे कोपरे, कॉम्प्रेसरजवळच्या होजचे क्रिम्प (दाबून बसवलेले जोड), कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील. गॅस भरायच्या व्हॉल्व्हची आतली पिन सगळ्यात स्वस्त आणि बऱ्याचदा तीच गळते, तिथे साबणपाणी लावा. इव्हॅपोरेटरचा (डॅशबोर्डमागचा, हवा गार करणारा भाग) संशय असेल तर गॅस डिटेक्टर पाणी गळायच्या नळीशी धरायचा. नायट्रोजनने दाब देऊन तपासता येतं. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी भेटला की स्फोट होतो.

सी-४०४: सिस्टिम उघडलीच तर ड्रायर नवा, ओ-रिंग १३४ए च्याच आणि तेल लावून. कंडेन्सर बदलला तर सुमारे ३० मिली पीएजी तेल (कॉम्प्रेसरचं तेल) वाढवा, ग्रेड कॉम्प्रेसरच्या लेबलवरचीच. ते तेल हवेतला ओलावा पितं, म्हणून डबा उघडा ठेवू नका. मग पंपाने आतली हवा ओढून किमान अर्धा तास व्हॅक्यूम, पंप बंद करून वीस मिनिटं काटा हलतो का बघा. आणि इथलं एक लक्षात ठेवा: सातारा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या वर आहे, इथे हवेचा दाबच कमी, त्यामुळे व्हॅक्यूमचा काटा २९ इंचांवर (पाऱ्याच्या) कधीच जाणार नाही, २७ च्या आसपास थांबेल. पंप खराब समजू नका.

ए-३०५: गॅस किती घालायचा?

सी-४०४: बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेत. काट्यावर वजन करून तेवढाच. इंजिन चालू असताना लो बाजूने, डबा सरळ धरून. उलटा धरला तर द्रव जाऊन कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह फुटतात. लीक बंद करणारं औषध आणि स्वस्त, पेट घेणारा गॅस दोन्ही नको. गॉगल-हातमोजे घाला, द्रव कातडीवर पडला तर हिमदाह होतो.

बी-२०३: समजलं. आधी धुतो, दिवे काढतो, फॅनचे व्होल्ट बघतो.

ए-१०१: रविवारी सकाळी सातला पार्किंगमध्ये आणा, इंजिन थंडच ठेवा. उभ्या गाडीचा दाबही बघू. हवा २५ अंश असेल तर दोन्ही काटे ८०-८५ पीएसआयवर हवेत. फार खाली असतील तर गॅस नक्की गेलाय. माझा गेज सेट आहे. ताई, डिटेक्टर घेऊन याल का?

सी-४०४: येते काका. दादा, १० आणि १२ चे पाने तुम्ही आणा.