मदत हवी आहे: नववीचा मानवी भूगोल आठवडी बाजारातून कसा शिकवावा?

खडूफळा:
वाशीम जिल्ह्यातली शाळा, नववीची ४२ मुलं. गावात गुरुवारी बाजार भरतो, रस्त्यालगत साधारण २०० मीटर. ३५ मिनिटांच्या दोन जोडतासिका मिळतील, बससाठी पैसे नाहीत. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत मला गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधकडे जायचं आहे. तिथून वर्गासाठी काय आणावं? नुसते फोटो दाखवले की मुलं दहा मिनिटांत जांभया देतात.

कवेलू:
मॅडम, बाजाराचं आधी. सहा-सहांचे सात गट करा आणि प्रत्येक गटाला बाजाराचा ठरावीक पट्टा द्या. पट्ट्यांच्या हद्दी चुन्याने आखा, नाहीतर एकाच भाजीवालीला तीन गट गाठतात. गटाने आठ दुकानदारांना चारच प्रश्न विचारायचे: गाव कोणतं, कशाने आलात, माल घरचा की ठोकचा, उद्या कोणत्या बाजाराला? कमाई विचारायची नाही. तो प्रश्न आला की पुढचं सगळं खोटं मिळतं. गावासोबत तालुका लिहूनच घ्या, एकाच नावाची गावं ढीगभर असतात.

वेळेची गोची मोठी आहे. दुपारी तीननंतर गिऱ्हाईक सोडून कोणी बोलत नाही, म्हणून सगळे सकाळी जातात. पण सकाळी जागा धरून बसतात ते कापड-भांडीवाले, लांबून मॅटाडोरने आलेले. जवळच्या खेड्यातल्या भाजीवाल्या नंतर टेकतात. एकच फेरी केली तर सगळा बाजार परगावचाच वाटेल. तुमच्या दोन जोडतासिका एकाच दिवशी सलग घेऊ नका. एका गुरुवारी सकाळी जा, पुढच्या गुरुवारी बाराच्या सुमारास.

ओळंबा:
नकाशासाठी टेप फिरवत बसू नका. शाळेच्या मैदानात ३० मीटर मोजा आणि मुलांना नेहमीच्या चालीने चालू द्या. ४८ पावलं झाली तर पाऊल ६२.५ सेंमी. मुद्दाम ढांगा टाकणाऱ्याला मोजणीला ठेवू नका. १ सेंमीला ४ मीटर धरलं की २०० मीटर ५० सेंमीत बसतात, कार्डशीटवर मावतात. १ ला २ धरलं की कागद संपतो, हे हमखास होतं.

कवेलू:
वर्गात आल्यावर तालुक्याचा नकाशा थर्माकोलवर लावा, प्रत्येक दुकानदाराच्या गावापासून तुमच्या गावापर्यंत दोरा ताणा. भाजीला हिरवा, कापडाला लाल. हिरवे आखूड, लाल लांब निघण्याची शक्यता जास्त. कारण मुलांनाच सांगू द्या: मेथी दुपारपर्यंत मान टाकते, साडी टाकत नाही. मग चौथ्या प्रश्नाची उत्तरं वारांप्रमाणे मांडा. शेजारच्या गावांचे बाजार सहसा एकाच वारी का नसतात, ते लगेच दिसतं. एका गावाची गिऱ्हाइकी कापडाच्या रोजच्या दुकानाला पुरत नाही, म्हणून दुकानच गावोगाव फिरतं.

ओळंबा:
नवेगावबांधला जाण्याआधी आपल्या गावातल्या पाच घरांचे फोटो काढा. एक मीटरची काठी भिंतीला टेकवून, समोरून. तिकडे हुबेहूब तसेच पाच. छपराचा उतार कोनमापकाला दोरा आणि दगड बांधून मोजा. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं सपाट, तिकडची कवेलूची, म्हणजे मातीच्या कौलांची, उतरती. पूर्वेला पाऊस १२०० मिमीच्या वर, पश्चिम विदर्भात बराच कमी. पण पावसावरच थांबू नका, माती आणि लाकूडही विचारा. नाहीतर मुलं प्रत्येक गोष्टीला ‘पाऊस’ म्हणून मोकळी होतात.

तिकडच्या मामा तलावाचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचा, फोटो दुय्यम. पाळीवर उभं राहून तीन गोष्टी विचारा: तुडूम (पाणी सोडायचं दार) कोण उघडतो, पाणी आधी कोणाच्या बांधीत (भातखाचरात) जातं, गाळ कोण काढतं? मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, १९५१ मध्ये संपली, तलाव सरकारकडे गेले. त्याआधीचं आणि नंतरचं उत्तर शेजारी-शेजारी लिहा. भातखाचर आणि कपाशीच्या वावरातली मूठ-मूठ माती वेगळ्या पुडीत आणा, पुडीवर गाव लिहून. भिजवून हातात वळायला दिली की वर्ग जागा होतो.

खडूफळा:
पोळ्याच्या आठवड्यातला गुरुवार चालेल का? मुलं उत्साहात असतात.

कवेलू:
पहिल्या फेरीला नको. त्या आठवड्यात बैलांच्या साजाची दुकानं वाढतात, दोरे भलतीकडेच जातात. साध्या गुरुवारचा नकाशा झाला की मग पोळ्याचा घ्या, तिसऱ्या रंगाचा दोरा ठेवून.